मुखवट्याखालची हनुवटी

मुखवटा घातलेल्या नटाला अभिनयासाठी फक्त हनुवटी उरते. डोळे असतात, पण ते दोन भोकांच्या आत कुठेतरी. कपाळ, भुवया, गाल सगळं रबराखाली गेलेलं. राग, दुःख, प्रेम, शहर वाचवायची जबाबदारी, जे काय असेल ते ओठांनी आणि हनुवटीनं मिळून उरकायचं. हा सिद्धांत मी मंडळाच्या कार्यक्रमांत बऱ्याचदा मांडलाय आणि लोकांनी माना डोलावल्यात. सिद्धांत माझा नाही, माझ्या मित्राचा आहे. तो आता हरकत घ्यायला नाही. असता तरी घेतली नसती. 'तुला उशिरा कळतं' एवढंच म्हणाला असता.

ज्या सुपरहिरोबद्दल हे चाललंय त्याचं नाव सांगत बसत नाही. अर्ध्या जगातल्या पोरांच्या पायजम्यांवर तो असतो. आम्ही त्याला 'मुखवटेवाला' म्हणायचो, दूधवाला, पेपरवाला तसा. दर काही वर्षांनी तो जुन्या नटाला सोडतो आणि नव्या नटाच्या अंगात येतो. मग जगभर चर्चा सुरू होते की हा त्याच्यासारखा आहे का.

आम्हाला ही चर्चा नवी नव्हती. मी लहानपणापासून नाटकं बघत आलोय. माझे वडील तिकिटाच्या खिडकीत डोकं घालून आधी विचारायचे, "मूळ संच आहे ना?" एखादा नट बदललेला असला तर पैसे परत खिशात. आमच्या घरात 'रिप्लेसमेंट' हा शब्द साधारण 'भेसळ' या अर्थानं वापरला जायचा. हे संस्कार घेऊन मी लंडनला, हाउन्सलोला आलो, विमानतळावर कार्गोत लागलो, आणि दोन रस्ते पलीकडे मला हा मित्र भेटला. तो विमानात जाणाऱ्या जेवणाच्या किचनमध्ये होता. आमच्या शिफ्टा जुळल्या की दुपारच्या रिकाम्या शोला जायचो. थिएटरात आम्ही, दोन-चार पेन्शनर आणि गरम हवेचा पंखा.

मित्र पहिल्याच्या पक्षाचा. पहिला नट पडद्यावर यायचा तो आपल्याच घरी आल्यासारखा. घाई नाही, आरडाओरडा नाही. मी दुसऱ्याच्या पक्षाचा. दुसरा देखणा, धडपड्या, आणि त्याच्या जबड्याचा एक स्नायू सारखा उडायचा. मला तो अभिनय वाटायचा. तिसरा आम्हा दोघांनाही चालला नाही. तो सगळा पिक्चरभर जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीचा, निकाल वाईट लागल्यासारखं तोंड करून होता. या विषयावर आम्ही इतके भांडायचो की मित्राची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बरोबर आल्या की मध्ये बसायच्या. "दोघं शेजारी बसलात तर मला पिक्चर ऐकूच येत नाही," म्हणायच्या.

तिसऱ्यानंतर काही वर्षांनी मित्र गेला. हार्टचं होतं. त्याबद्दल मी फार लिहीत नाही, कारण मला ते जमत नाही.

चौथा आला तेव्हा मी एकटाच गेलो. अंधारात जाऊन बसलो. पडद्यावर एक वकील होता, त्याचा घटस्फोट चाललेला, किचनमध्ये उभा राहून टोस्ट जाळत होता. मी मनात म्हटलं, वा, काय वेगळा विचार केलाय! आधी माणूस दाखवतायत. वकील रडला. मी म्हटलं, आता घालेल मुखवटा. वकिलानं मुलीला शाळेत सोडलं. मी म्हटलं, नवा दिग्दर्शक आहे, सावकाश नेतोय. चांगला पाऊण तास गेल्यावर शेजारच्या स्क्रीनमधून धडाडधूम आवाज यायला लागले तेव्हा लक्षात आलं की मुखवटेवाला भिंतीपलीकडे आहे. तरी मी उठलो नाही. वकिलाचं काय होतंय ते बघायचं होतं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "कसा आहे नवा?" मी म्हटलं, "संयत." ही गोष्ट मित्राला सांगता आली नाही, याची हळहळ अजून आहे. त्यानं ती वर्षभर पुरवून पुरवून वापरली असती.

त्याच सुमारास माझ्यात एक बदल झाला, तो माझ्या लक्षातच आला नाही. विषय निघाला की मी पहिल्याची बाजू घ्यायला लागलो. तीही मित्रापेक्षा जोरात.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, टीव्ही बंद करा. वहिनींचं एक जमतंय."

"काय जमतंय?"

"लग्न."

मी टीव्ही बंद केला. बायकोनं सविस्तर सांगितलं. वहिनी दर रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग घेतात. तिथे एक साठीचे गृहस्थ येऊन छोट्या खुर्चीवर बसायला लागले होते. लंडनच्या पार उत्तरेला एजवेअरला राहणारे, निवृत्त डेंटिस्ट. मूळचे मुंबईचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पण अगदी लहानपणी इकडे आलेले. आई होती तोवर घरात मराठी कानावर पडायची. ती गेल्यावर मराठी बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून वर्गात आले. स्वतःची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली. मुलांबरोबर 'ससा आणि कासव' वाचता वाचता जमलं.

"मुलीला सांगितलंय?" मी विचारलं. वहिनींची मुलगी मँचेस्टरला असते.

"तिचं 'फाइन, मम, गो फॉर इट' कधीच झालं. प्रश्न आपलाच आहे."

"आपला कसा?"

"वहिनी म्हणाल्या, इथे माझं सासर नाही, माहेर नाही, जे काय आहे ते तुमचं घर. एक दिवस त्यांना जेवायला घेऊन येते. तुमच्या घरात ते अवघडले, तर मी पुढे जाणार नाही. या वयात मला दोन घरं सांभाळत, दोघांकडेही चोरून बघत जगायचं नाहीये. असं म्हणाल्या. आणि त्या म्हणतात तसं करतात, तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. मी म्हटलं, "मला काय हरकत असणार? आनंदच आहे." आणि मग विनाकारण बागेत जाऊन ओल्या गवतात उभा राहिलो.

रविवारी सकाळी बायकोनं सूचना दिल्या. ती विमान उडायच्या आधीच्या सूचना देतात तशा देते, हात करून. धर्म नाही. वय नाही. त्यांच्या पहिल्या बायकोचं नाही. तुमच्या मित्राचं तर मुळीच नाही, वहिनींनी काढलं तरच. दातांचंही नाही, माणूस निवृत्त झालाय.

"मग बोलू काय?"

"हवा. ट्रेन. सिनेमा. आणि शक्यतो कमी."

म्हणजे सिनेमा हा विषय तिनेच दिला होता. हे मी नंतर अनेकदा तिच्या लक्षात आणून दिलं. त्याचा उपयोग झाला नाही.

डॉक्टर आले. उंच, किंचित वाकलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात मोठा डबा. वहिनी त्यांच्या मागे, आणि चेहरा असा की जणू त्याच परीक्षेला बसल्यात. डब्यात गव्हाच्या चिकाचा हलवा होता, नारळाच्या दुधातला, वड्या पाडलेला.

"मी केली," डॉक्टर म्हणाले. "माझी आई करायची, सणाला. मी फर्स्ट टाइम केली. दोन वेळा जळला."

त्यांची मराठी आईकडून आलेली आणि फक्त आईकडूनच, त्यामुळे 'मी आले', 'मी बसते', 'मला भूक लागलीय पण मी थांबते' असं सगळं. वर्गात शिकवणाऱ्याही वहिनीच, म्हणजे सुधारायला वाव कमी. उंच माणूस आमच्या हॉलमध्ये 'मी कुठे बसू? इथे बसते' म्हणाला तेव्हा मला हसू आलं आणि ते मी खोकल्यात घातलं. बायकोनं माझ्याकडे बघितलं.

बेत साधा होता. मसालेभात, अळूवडी, बटाट्याची भाजी, सोलकढी, श्रीखंड. हवेवर बोलून झालं. ट्रेनवर बोलून झालं. पिकाडिली लाइन त्या रविवारी बंद होती, तिनं आम्हाला चांगली साथ दिली. मग विषय संपले. डॉक्टर सोलकढीची वाटी दोन्ही हातांत धरून बसले होते. पीत नव्हते, नुसती धरून होते. वहिनी त्यांच्या हातांकडे बघत होत्या. आणि डॉक्टरांनीच, बिचाऱ्यांनी, यजमानाला आवडेल असा विषय काढला.

"ती मला सांगितली, तुम्ही सगळे सुपरहिरो फिल्म्स बघितलेत. तो मास्कवाला. इतके ॲक्टर झाले. हू वॉज द बेस्ट?"

मला कुणी आपणहून हा प्रश्न विचारला त्याला कित्येक वर्षं झाली होती. मी खुर्ची पुढे ओढली.

"डॉक्टर, पहिला तो पहिला," मी म्हणालो. "त्यात वादच नाही. बाकीच्यांना कपडे होतात हो, भूमिका होत नाही. आता तो दुसरा घ्या. दिसायला बरा, कष्टाळू, सगळं मान्य. पण तो वावरतो कसा? दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा! सारखं वाटतं की आता आतून कोणीतरी येईल आणि विचारेल, आपण कोण?"

टेबलाखालून माझ्या पायाला काहीतरी लागलं. मला वाटलं टेबलाचा पाय.

"आणि गंमत म्हणजे त्याला ते माहीत असतं. लोक टाळ्या वाजवतात ना, त्या पहिल्याच्या आठवणीला वाजवतात. हा मधल्यामध्ये नमस्कार करून घेतो."

आता जोरात लाथ बसली, पण मला नाही. डॉक्टर दचकले आणि "सॉरी" म्हणाले. इंग्लंडात वाढलेला माणूस. लाथ खाऊनही माफी तोच मागतो.

मी मात्र रंगात आलो होतो. "साधी गोष्ट आहे, डॉक्टर. एकदा ती जागा एकाची झाली की झाली. नंतर येणाऱ्यानं कितीही जीव तोडून केलं तरी..."

वहिनींनी चमचा ताटात ठेवला. आवाज अगदी बारीक झाला, पण तो मला ऐकू आला, आणि त्याबरोबर मी गेल्या पाच मिनिटांत बोललेलं सगळं पहिल्यापासून पुन्हा ऐकू आलं.  बायको ताटाकडे बघत होती. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी सावरायला गेलो.

"म्हणजे तसा दुसरा वाईट नाही," मी म्हणालो. "तिसऱ्यापेक्षा कितीतरी बरा."

 बाहेरून खूप खालून एक विमान गेलं. आमच्या भागात विमान गेलं की बोलणं थांबवायची सगळ्यांना सवय आहे, त्यामुळे टेबलावरची शांतता निदान दिसायला तरी कारणाची झाली. विमान गेल्यावरही ती तशीच राहिली.

डॉक्टरांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली.

"मी फक्त दुसऱ्याचा बघितली," ते सावकाश म्हणाले. "नातवाबरोबर. आणि मला तर फक्त जॉ दिसते, काय करणार, चाळीस वर्षं तेच बघितलं. तो माणूस दात आवळतो. इथे, हा मसल." त्यांनी स्वतःच्या गालावर, कानाच्या खाली, दोन बोटं ठेवली. "सगळ्यांना वाटतं तो रागावलाय. तो रागावला नाहीये. तो घाबरलाय. पेशंट असा आला की मला लगेच कळायचं. त्याला माहीत आहे ना, सगळे बघतायत की हा तो नाही."

जबड्याच्या ज्या स्नायूला मी वर्षानुवर्षं अभिनय म्हणत आलो होतो, तो हा.

मग डॉक्टर थोडे हसले. बोटं अजून गालावरच होती.

"मी पण सकाळपासून दात आवळून बसलेय," ते म्हणाले. "एजवेअरपासून."

पहिल्यांदा वहिनी हसल्या. हसू आवरायला त्यांनी तोंडावर पदर नेला, पण कुर्ता होता, पदर नव्हता, म्हणून नॅपकिन नेला. मग बायको हसली. मग मी, परवानगी मिळाल्यासारखा.

"भावजी," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "पण तुम्ही दुसऱ्याच्या बाजूचे होतात ना? मी मध्ये बसून ऐकलंय, कान किटेपर्यंत. ह्यांचा पहिला आणि तुमचा दुसरा. तुम्ही पक्ष कधी बदललात?"

याचं एखादं खुसखुशीत उत्तर द्यायला हवं होतं. माझ्याकडे एरवी असतात. 

"तो गेल्यावर," मी म्हणालो. "त्याच्या बाजूनं बोलायला कोणी राहिलं नव्हतं म्हणून."

 वहिनींनी ताटलीतली अळूवडी उचलून माझ्या पानात वाढली. आमच्या घरात, माझ्या बायकोसमोर, पाहुणीनं मला वाढायचं काही कारण नव्हतं, पण बायको काही बोलली नाही.

"ह्यांना वकील कधी लागला नाही हो," वहिनी म्हणाल्या. "जेवा."

आम्ही जेवलो. डॉक्टरांनी सोलकढी संपवून आणखी मागितली, आणि मागताना वाटी थेट बायकोपुढे केली, 'प्लीज' न म्हणता. माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते तिला मंडळाची अध्यक्ष केलं तेव्हाही दिसलं नव्हतं. हलवा निघाला. तो खरोखर चांगला झाला होता, कडेला किंचित जळका. मी दोनदा घेतला आणि म्हटलं, "डॉक्टर, जळका भाग जास्त चांगला लागतोय." यावेळी टेबलाखाली काही हाललं नाही, तेव्हा मी जपूनच, एकेक वाक्य बोलून बघत पुढे गेलो.

हात धुताना डॉक्टर माझ्याशेजारी उभे राहिले. हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचा फ्रेंड. त्याला पहिला आवडायचा?"

"फार."

"मग मी बघते. आता आहे का तुमच्याकडे?"

"आता?"

"जेवण झालंय. संडे आहे."

मी लावला. हॉलमध्ये पडदे ओढले, कारण इंग्लंडमध्ये महिन्यातून एकदा येणारं ऊन नेमकं त्याच दिवशी आलं होतं. डॉक्टर सोफ्याच्या मधोमध बसले. मी शेजारच्या खुर्चीत. सुरुवातीचं संगीत, शहर, पाऊस, गल्ली. मी त्यांना सांगत होतो, "आता बघा, आता येईल. आधी काही बोलत नाही, नुसता उभा राहतो. याला म्हणतात मूळ संच." डॉक्टर मन लावून बघत होते. "हो," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "गुड चिन." मला बरं वाटलं. त्यांना हनुवटीचा सिद्धांत समजावून सांगायला घेतला. मित्राचा म्हणून सांगितला, त्याचं नाव घेऊन. तो कसा बोलायचा, पॉपकॉर्न कसा आधीच संपवायचा, ते सगळं सांगत सुटलो. बराच वेळ बोललो असेन. पडद्यावर तो प्रसंग आला जिथे पहिला गच्चीच्या कठड्यावर येतो आणि एक अक्षर न बोलता खाली बघतो. मित्र या जागी दरवेळी श्वास रोखायचा.

"बघितलंत?" मी म्हटलं.

 वळून बघितलं तर डॉक्टर झोपले होते. डोकं सोफ्याच्या पाठीवर, हात दोन्ही बाजूंना मोकळे टाकलेले, मोज्यांतले पाय आमच्या कॉफी टेबलावर. आमच्या कॉफी टेबलावर पाय ठेवायची परवानगी मलाही नाही. तोंड सताड उघडं होतं, आणि मी पहिल्यांदाच डेंटिस्टच्या तोंडात आतपर्यंत बघितलं. मागे दोन्ही बाजूंना भरपूर चांदी होती.

एरवी या प्रसंगाला कुणी झोपलं असतं तर मी त्या माणसाशी संबंध तोडले असते. मी रिमोट उचलून आवाज कमी केला.

किचनच्या दारात वहिनी उभ्या होत्या. हातात ओलं भांडं, पुसायचं राहिलेलं. त्या किती वेळ तिथे होत्या मला माहीत नाही. पडद्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. सोफ्याकडे बघत होत्या.

"झोपले," मी कुजबुजलो. जरा माफी मागितल्यासारखंच.

"दिसतंय," त्या म्हणाल्या. मग आत वळल्या, आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला, बायकोशी बोलताना, अगदी रोजचा, भाजीला मीठ पुरे का विचारावं तसा:

"रजिस्ट्री ऑफिसला उद्या फोन केला तर चालतो ना गं? की आधी ऑनलाइन बुक करावं लागतं?"